थेंबवाल्यांचा बाक

"डॉक्टर वाटेत आहेत," काउंटरवरची बाई म्हणाली.

"हे तुम्ही मघाशीपण सांगितलंत."

"मग मघाशीपण ते वाटेतच होते की."

असं उत्तर मिळाल्यावर माणसानं कुठं डोकं आपटावं? मी चौथीच्या वर्गाला शिकवणारी बाई. वर्गभर पोरं एका नजरेत गप्प करते, पण त्या बाईपुढं माझी काही डाळ शिजेना. तिनं माझ्याकडं न बघता वाजणारा फोन उचलला आणि पलीकडच्या कुणाला तरी सांगितलं, "हो हो, डॉक्टर वाटेतच आहेत."

ही गोष्ट आता बरीच जुनी झाली. अप्पा, म्हणजे माझे वडील, तेव्हा सत्तरीला आलेले. विट्यात त्यांचं कपडे शिवायचं दुकान होतं. उजवा डोळा साखरेच्या आजारानं आधीच गेला होता. राहिलेल्या डाव्या डोळ्यात, आत पडद्यावर, रक्त झिरपायला लागलं होतं. विट्याच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, "डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल आणि ते याच महिन्यात. नंतर आलात तर मी काही शब्द देऊ शकत नाही." पडद्याचे डॉक्टर आमच्या भागात नव्हते. ते एक शनिवार सोडून पुण्याहून मिरजेच्या एका दवाखान्यात यायचे. आम्ही दोनदा हेलपाटा घातला होता. एकदा डॉक्टर आलेच नाहीत. दुसऱ्यांदा आले, पण आमचा नंबर लागायच्या आत निघून गेले. दोन्ही वेळा अप्पा "असू दे, त्यास्नीबी कामं असत्यात" म्हणून शांतपणे एसटीत जाऊन बसले. मी मात्र घरी येऊन नवऱ्यावर ओरडले, कारण ओरडायला दुसरं कुणी हाताशी नव्हतं.

या खेपेला मी ठरवूनच आले होते. डोळा दाखवल्याशिवाय दवाखान्याची पायरी उतरायची नाही.

डॉक्टर एकदाचे आले ते दुपार कलल्यावर. त्यांच्या मागोमाग औषध कंपन्यांची बॅगवाली माणसं आत घुसली आणि दार बंद झालं. ती बाहेर पडतात तोवर दारापाशी दुसरीच गर्दी जमली. प्रत्येकाच्या हातात एक पिशवी आणि तोंडात एकच वाक्य, "फक्त रिपोर्ट दाखवायचाय." हा फक्त रिपोर्ट म्हणजे काय प्रकार असतो हे ज्यांनी दवाखान्यात दिवस काढलेत त्यांनाच कळेल. ज्याला फक्त रिपोर्ट दाखवायचा असतो त्याला नंबर लागत नाही, तो आत गेला की बाहेर येत नाही, आणि आल्यावर तुमच्याकडं बघून असा हसतो की हातातली पाण्याची बाटली त्याच्या डोक्यात घालावीशी वाटते. मी दारात आडवी उभी राहून दोघांना हटकलं. तिसरा म्हणाला, "बाई, तुम्ही इथं नोकरीला आहात का?"

तेवढ्यात आतून सिस्टर आली आणि ओरडली, "थेंबवाले इकडं बसा! थेंबवाले सगळे या बाकावर!"

पडदा बघायचा म्हणजे आधी डोळ्यात थेंब घालून बाहुली मोठी करावी लागते. थेंब घातले की डोळे मिटून बसायचं. थोड्या वेळानं पुन्हा थेंब, पुन्हा डोळे मिटायचे. बाहुली मोठी झाली की नंबर. आणि नंबर यायला फार वेळ लागला तर थेंबांचा असर उतरतो आणि सगळं पहिल्यापासून! भिंतीला लागून एक लांबलचक बाक होता. त्यावर म्हातारी माणसं ओळीनं डोळे मिटून, गालावर ओघळलेलं औषध कापसानं पुसत बसलेली. मी अप्पांना तिथं बसवलं, सिस्टरनं थेंब घातले, आणि मी पुन्हा काउंटरकडं भांडायला गेले.

"आमचा नंबर कधी?"

"येईल की."

"आमच्या नंतरची दोन माणसं आत गेली."

"त्यांना फक्त रिपोर्ट दाखवायचा होता."

त्या बाईशी मी किती वेळ वाद घातला कोण जाणे. परत आले तर अप्पा शेजारच्या माणसाशी बोलत होते. दोघांचेही डोळे घट्ट मिटलेले. शेजारच्याचं तोंड मी बघितलं आणि जागच्या जागी उभी राहिले.

नाथाकाका होते.

एकनाथ माळवदे, माझे सख्खे चुलते, अप्पांचे धाकटे भाऊ. विट्याच्या दुकानावर 'माळवदे बंधू' अशी पाटी होती. अप्पा कापायचे, काका शिवायचे. मी लहानपणी दुकानात काकांच्या मशीनशेजारी चिंध्यांवर झोपायचे. माझं लग्न ठरलं आणि सगळं बिघडलं. लग्नाच्या पत्रिकेत 'आपले नम्र' म्हणून नावं छापली त्यात अप्पांच्या खाली काकांचं नाव यायला हवं होतं. ते गेलं माझ्या मामांच्या आणि मामांच्या पोरांच्याही खाली, पार शेवटी. सख्खा भाऊ बायकोच्या माहेरच्यांखाली! काकांनी पत्रिका वाचली, कात्रीशेजारी ठेवली, आपलं मशीन टेम्पोत घातलं आणि पलूसला बिऱ्हाड हलवलं. माझ्यावर अक्षता टाकायलाही ते आले नाहीत. त्या दिवसापासून दोघा भावांमध्ये एक शब्द नव्हता. आई वारली तेव्हा काका मैताला आले, लांब उभे राहिले आणि परत गेले.

आणि आता हे दोघं मांडीला मांडी लावून बसले होते.

मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात माझं लक्ष समोर गेलं. पलीकडच्या खांबाला टेकून इंदूकाकी उभी होती. पदर दाताखाली धरलेला. तिनं मला बघितलं आणि पटकन ओठांवर बोट ठेवलं.

मी गप्प बसले. त्या दिवसात पहिल्यांदाच.

"पावणं, गाव कुठलं तुमचं?" काका विचारत होते.

"विट्याकडलं," अप्पा म्हणाले. "तुमचं?"

"पलूस."

"लांबून आलासा."

"काय करता. डोळं हाईत. म्हैन्याच्या म्हैन्याला यावं लागतंय."

"डोळं गेलं की माणसाचं समदंच गेलं," अप्पा म्हणाले. "काय करता आपण?"

"कापडाचं काम हाय."

"असं व्हय. बरं हाय."

आपण! जन्मभर ज्याला 'नाथ्या' म्हणून हाक मारली त्याला 'आपण'! मला हसावं की रडावं कळेना. ओळखलं नसेल का? एवढ्या वर्षांत आवाज बदलतात. त्यातून काकांच्या छातीत कफ भरलेला, आवाज घोगरा. अप्पांना ऐकायलाही जरा कमीच यायचं. मी स्वतःची अशी समजूत घालत होते, तेवढ्यात आतून आमचा नंबर पुकारला. ज्याच्यासाठी मी तीन शनिवार रक्त आटवलं तो नंबर!

"अप्पा, उठा. आपला नंबर."

अप्पा हलले नाहीत. "अजून बाहुली मोठी झाली न्हाई," म्हणाले.

"तुम्हाला काय माहीत? सिस्टर बघतील. उठा."

"मला कळतंय की. अजून थेंब घाला म्हणावं. तवर मागल्यांस्नी जाऊ दे."

"अप्पा!"

"हेमे, वरडू नगंस. पावणं काय म्हणतील."

सिस्टर आली, तिनं अप्पांची पापणी वर करून टॉर्च मारला. "झालीय की हो आजोबा."

"न्हाई झाली. मला बोचतंय. घाला अजून."

अप्पांच्या डोळ्यात पुन्हा थेंब पडले आणि आमच्या जागी एक बाई आत गेली. थोड्या वेळानं काकांचा नंबर पुकारला. काका म्हणाले, "माझ्याबी डोळ्यात घाला. अजून उजेड दिसतोय." सिस्टरनं माझ्याकडं बघितलं. तिलाही माझ्याइतकाच वैताग आला असावा, कारण तिनं बाटली जवळजवळ आपटलीच.

मी काकीला खुणेनं पाण्याच्या टाकीकडं बोलावलं. तिथं ती माझा हात धरून उभी राहिली. तिचे हात वाळून काटक्या झाले होते.

"काकी, ओळखलंय का गं त्यांनी?"

"ते मला इचारू नगंस."

"अगं, पण अप्पांचं इंजेक्शन आजच व्हायला हवं. डॉक्टर गेले की डोळा गेला. हात जोडते, तू तरी सांग काकांना."

"आणि मी सांगून ते उठलं, डोळं उघडलं, तर म्होरं काय?" काकी म्हणाली. "डोळं मिटल्यात तवर बोलत्यात. मला एवढंच दिसतंय."

"एक तर डोळा, नाहीतर भाऊ. असं का करतायत हे दोघं?"

काकीनं पाण्याचा पेला भरून माझ्या हातात दिला. मी तो घटाघट प्याले. इतका संताप मला माझ्या सासरीही कधी आला नव्हता. एकीकडं डोळा चालला होता आणि दुसरीकडं हे दोन म्हातारे लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखे निवांत होते. त्यांच्यामध्ये उभं राहून दोघांचे डोळे उघडावेत असं मला वाटलं, आणि त्याच वेळी तसं कुणी केलं तर त्याचा हात मुरगाळावा असंही वाटलं.

परत आले तर बोलणं पुढं सरकलं होतं.

"मला एक भाऊ हाय," काका म्हणत होते. "थोरला."

"हाय का? बरा हाय न्हवं?"

"असंल. ताठ माणूस. कुणापुढं वाकला न्हाई."

"मलाबी एक हाय," अप्पा म्हणाले. "धाकला. नाकावर माशी बसू देत न्हाई."

"त्याला कारण असंल कायतरी."

"कारण काय पावणं? लग्नाच्या पत्रिकंत नाव खाली गेलं. छापणाऱ्यानं चूक केली. तेवढ्यावरनं मशीन उचलून गेला."

"छापायच्या आधी कागद दाखवायला आणत्यात," काका म्हणाले. आवाज चढला होता. "बघून सही करावी लागती. ज्यानं सही केली त्याला दिसलं न्हाई व्हय धाकल्याचं नाव कुठं हाय ते?"

बाकावरची बाकीची म्हातारी माणसंसुद्धा बोलायची थांबली. मिटलेल्या डोळ्यांनी सगळे कान देऊन ऐकत होते. आता अप्पांनाही राग येणार, आता उठणार, असं वाटून मी पुढं झाले.

"न्हाई दिसलं," अप्पा म्हणाले.

"म्हंजे?"

"दिसलंच न्हाई त्याला. तवाच डोळं कमी झालं हुतं. कापडावरची खडूची रेघ दिसायची, बारीक अक्षर दिसायचं न्हाई. पर शिंप्यानं डोळं गेलं म्हणून कुणाला सांगायचं? गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी कापड परत घिऊन गेलं असतं. पोरीचं लगीन तोंडावर. प्रेसवाल्यानं कागद म्होरं धरला, त्यानं बघितल्यासारखं केलं आणि सही ठोकली."

हे मला माहीत नव्हतं. आईलाही माहीत नसावं. अप्पा रोज संध्याकाळी पेपर मांडीवर पसरून बसायचे, आणि मला वाटायचं ते वाचतात.

काका मग खाली मान घालून म्हणाले, "हे भावाला येऊन सांगायचं हुतं त्यानं."

"गेला हुता की. पलूसला. दाराला कडी हुती आतनं. हाका मारल्या. आत पंखा चालल्याचा आवाज येत हुता, पर दार उघडलं न्हाई कुणी."

"घरातच हुतो…" काका म्हणाले आणि थांबले. मग घाईघाईनं, "म्हंजे घरातच असंल तो. राग आला असंल."

अप्पांनी ऐकलं नाही असं दाखवलं. नुसती मान हलवली. "असंल, असंल," म्हणाले. "माणसाला राग येतोच पावणं."

काकी खांबाआड तोंड फिरवून उभी होती. मला तेव्हा कळून चुकलं. पहिल्या 'गाव कुठलं' पासून दोघांनाही ठाऊक होतं.

नेमकं तेव्हाच आतलं दार उघडलं. दुसरीच एक सिस्टर बाहेर आली, बहुतेक नुकतीच कामावर आलेली. तिच्या हातात उरलेल्या फाइली होत्या. "चला चला, डॉक्टरांची निघायची वेळ झाली. एवढेच शेवटचे. नाव घेईन त्यांनी उठायचं." तिनं पहिली फाइल उघडली. "माळवदे…"

मी झेप घेतल्यासारखी पुढं गेले आणि तिच्या हातातल्या फाइलवर पंजा ठेवला.

"नाव घेऊ नका!"

"अहो, काय करताय?"

"नंबर सांगा. नुसता नंबर सांगा. नाव घेऊ नका हो, पाया पडते."

सकाळपासून आमचं नाव पुकारा म्हणून जिनं दवाखाना डोक्यावर घेतला होता तीच बाई आता नाव घेऊ नका म्हणून फाइल धरून उभी होती. काउंटरवरची बाई मान लांब करून बघायला लागली. तिची खात्री झाली असणार की डोळ्यांबरोबर माझं डोकंही दाखवायला हवं. सिस्टरनं माझ्याकडं बघितलं, बाकाकडं बघितलं. तिला काय कळलं मला माहीत नाही. तिनं फाइल मिटली आणि नंबर सांगितला.

"पावणं, तुमी जावा आधी," अप्पा काकांना म्हणाले.

"छे छे. तुमचा नंबर हाय. तुमी थोरलं दिसताय."

"डोळं मिटून कसं दिसलं?"

"आवाजावरनं."

"कुणीतरी एकजण जावा हो!" मी आणि सिस्टर एकदमच ओरडलो.

शेवटी मी अप्पांना दंडाला धरून उठवलं आणि आत नेलं. डॉक्टर तरुणच होते, दमलेले. अप्पांचा डोळा यंत्राला लावून त्यांनी बराच वेळ बघितला आणि भुवया चढवल्या. "बाहुली तर केव्हाची मोठी झालीय. इतका वेळ बाहेर काय करत होता तुम्ही? मी निघालो असतो तर? दोन आठवड्यांनी आला असतात तर मी हात टेकले असते."

"जरा शेजारी बोलत बसलो हुतो," अप्पा म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली.

इंजेक्शन झालं. अप्पांच्या डोळ्याला कापसाची जाड पट्टी लागली. डॉक्टर म्हणाले, "हा डोळा टिकवायचा असेल तर दर महिन्याला यावं लागेल. चुकवायचं नाही. थांबावं लागतं, मला कल्पना आहे, पण इलाज नाही. लोक वैतागतात आणि यायचं सोडतात, आणि मग डोळा जातो."

"किती म्हैनं यायचं?"

"आत्ता नाही सांगता येणार. वर्षभर धरून चाला."

"चालंल की," अप्पा म्हणाले. इतक्या आनंदानं, की डॉक्टरांनी लिहिता लिहिता वर बघितलं.

बाहेर आलो तेव्हा काकांना आत नेत होते. दाराच्या चिंचोळ्या जागेत दोघांचे खांदे एकमेकांना लागले. काकांचे डोळे मिटलेले, काकीनं हात धरलेला. अप्पांच्या डोळ्यावर पट्टी. काकांचा मोकळा हात वर आला, अप्पांच्या सदऱ्याच्या कॉलरवरून फिरला, शिवण चाचपून बघितली. मग ते आत गेले.

आम्ही एसटीत बसलो. तासगाव मागं पडलं तसं मला राहवेना.

"अप्पा, शेजारी कोण बसले होते?"

"हुते कोण पलूसचे. भला माणूस. जरा हट्टी हाय, पर भला हाय."

"नाव काय म्हणाले?"

"नाव न्हाई इचारलं." ते खिडकीकडं तोंड करून बसले. पट्टी होती, बाहेरचं काही दिसत नव्हतं, तरी तिकडंच तोंड करून बसले. मग म्हणाले, "हेमे, म्होरल्या टायमाला फोन करशील तवा त्या पलूसवाल्यांच्या मागला नंबर माग."

"अप्पा, मागला कशाला? आधीच आपल्याला अंधार होतोय."

"होऊ दे. त्यांच्याच मागला माग. पुढला नगं."

पुढच्या खेपेच्या नंबरासाठी मी दुपारच्या सुट्टीत शाळेतल्या फोनवरून दवाखान्यात फोन लावला. फोन लागेना. लागला तर उचलेनात. उचलला तर "थांबा हं" म्हणून बाजूला ठेवून दिला, आणि पलीकडं कुणाला तरी डॉक्टर वाटेत असल्याचं सांगणं चाललेलं मला ऐकू येत होतं. शेवटी एकदाची ती बाई फोनवर आली. मी म्हटलं, "विट्याहून बोलतेय, दिगंबर माळवदे यांच्यासाठी. पलूसच्या पेशंटच्या लगेच मागचा नंबर पाहिजे."

"तुम्हीच का त्या, नाव घेऊ नका म्हणणाऱ्या?"

"हो, मीच."

"अहो बाई," ती वैतागून म्हणाली, "सकाळी उघडल्या उघडल्या पलूसच्या त्या आजोबांनी स्वतः फोन केला होता. त्यांनाही तुमच्या मागचाच नंबर पाहिजे. दोघं एकमेकांच्या मागं कसे बसतील ते आता तुम्हीच मला सांगा."